पान उलटताना सुटलेले सूर

धुळ्याला किंवा सावद्याला कोणी हवापालटासाठी जात नाही. मुंबईहून निघताना शेजाऱ्यांनी मोठ्या कौतुकानं विचारलं, "कुठं, महाबळेश्वर?" मी "सावदा" म्हटलं तेव्हा त्यांचा चेहरा इतका पडला की मलाच त्यांची कीव आली. माझ्या हातात व्हायोलिनची पेटी होती. ती माझी नव्हती, सुदामची होती आणि त्याच्या वडिलांच्या हाती ती सोपवायला मी निघालो होतो.

सुदाम कोण हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही उमगायचं नाही. मुंबईतल्या एका सिंफनी ऑर्केस्ट्रात आम्ही दोघं एकवीस वर्षं शेजारी बसून वाजवलं. अशा ऑर्केस्ट्रात दोन व्हायोलिनवाल्यांत मिळून नोटेशनचा एकच स्टँड असतो. उजवीकडचा तो बाहेरचा, प्रेक्षकांच्या बाजूचा. डावीकडचा आतला. पान संपत आलं की आतल्यानं वाजवणं थांबवून पान उलटायचं आणि बाहेरच्यानं न थांबता वाजवत राहायचं, ही जगभरची रीत. ऐकणाऱ्याला काही कळत नाही. मी आतला होतो. म्हणजे एकवीस वर्षं प्रत्येक पानाच्या तळाचे सूर मी वाजवलेच नाहीत. ते सगळे सुदामनं वाजवले.

पोटापाण्यासाठी आम्ही सिनेमाच्या रेकॉर्डिंगलाही जायचो. चाळीस व्हायोलिनांत आम्ही दोन. कॅसेटच्या कव्हरवर गाणाऱ्याचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, आमचं कुठंच नाही. याची मी सतत कुरकुर करायचो. सुदाम म्हणायचा, "दिनकर, गर्दीत वाजवायला मिळतंय हेच सुख आहे." मग सिंथेसायझर आले, एकच माणूस एका बोटानं चाळीस व्हायोलिनं वाजवायला लागला आणि गर्दीचंही सुख संपत आलं. दिवाळीनंतर सुदाम गेला. सकाळी चहा ठेवला आणि तिथंच कोसळला. लग्न केलेलं नव्हतं. धुळ्याहून बहीण आणि मेहुणे आले. वडील आले नाहीत.

मला त्याची बाहेरची खुर्ची मिळाली. पहिल्याच तालमीत पानाच्या तळाशी आलो आणि माझा गज थांबला. शेजारचा नवा वादक बिचारा पान उलटत होता, सूर समोर छापलेले होते, डोळ्यांना दिसत होते, हात मात्र हलेना. घरी बसून तेच सूर शंभरदा घोटले. तालमीत पुन्हा तेच. मला लाज वाटली आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली.

धुळे

जानेवारीतली सकाळ, अंगावर स्वेटर असूनही दात वाजत होते. एसटी स्टँडबाहेर रिक्षावाल्यानं कुठं जायचं म्हणून अहिराणीत हाक मारली, "कथा जानं शे, भाऊ?" देवपूर म्हटल्यावर त्यानं पेटीकडे पाहिलं. "पेटीमा काय शे?"

"व्हायोलिन."

"मंग वाजाडा ना! बठ्ठा रस्ता मोकळा शे."

मी हसून नाही म्हटलं. त्याला वाईट वाटलं असावं, कारण पुढं देवपूरपर्यंत तो स्वतःच गात राहिला.

सुदामची बहीण शांताअक्का नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. दार उघडलं, पेटी पाहिली आणि माझ्याकडे न पाहता आधी पेटीच उचलून आत नेली. जेवायला शेवभाजी केली होती. आमच्याकडे शेव म्हणजे चहाबरोबर चिमूटभर खायची गोष्ट. इथं ती लालभडक रश्श्यात पोहत होती. दुसऱ्या घासाला माझं नाक वाहायला लागलं, चौथ्याला कान बंद झाले. अक्का म्हणाल्या, "सुदामचे मुंबईचे मित्र म्हणजे असेच असणार," आणि भाकरीवर तुपाचा गोळा टाकला.

जेवण झाल्यावर त्यांनी सुदामचं बालपण सांगितलं. एकवीस वर्षांत त्यानं मला कधी एवढं सांगितलं नव्हतं. आबा, म्हणजे वडील, केळीचे घड कापून डोक्यावर वाहायचे. संध्याकाळी बुद्धविहारात भजनी मंडळ असायचं, त्यात आबांचा आवाज सगळ्यात वर. सात-आठ वर्षांचा सुदाम त्यांच्या पाठीला टेकून बसायचा. गाणं नुसतं कानांनी नाही, पाठीनं ऐकायचा, असं अक्का म्हणाल्या. पुढं भुसावळला रेल्वेतल्या एका म्हाताऱ्या गोवेकर गार्डानं त्याला व्हायोलिन धरायला शिकवलं. आबांना पोरगा रेल्वेत चिकटायला हवा होता. नोकरीचा कागदही आला होता. तो खिशात घालून सुदाम मुंबईला गेला आणि परत आला तो फक्त सणावारापुरता.

"मग गावातला एक जण मुंबईला जाऊन आला," अक्का म्हणाल्या. "त्यानं सुदामला स्टुडिओच्या दारात पाहिलं, पाठीवर एवढी मोठी पेटी घेतलेला. गावात सांगितलं, आबाचा पोरगा तिकडं हमाली करतो. त्या दिवसापासून आबांनी विषय काढला नाही."

ती पेटी डबल बासची, म्हणजे माणसाएवढ्या उंच, उभ्यानं वाजवायच्या व्हायोलिनसारख्या वाद्याची होती. आमच्यात एक साठी उलटलेले बासवादक होते, त्यांना जिना चढवत नसे, म्हणून सुदाम रोज त्यांचं वाद्य वर न्यायचा. हे मी अक्कांना सांगितलं.

"आबांनी सुदामचा फोटो अजून भिंतीला लावलेला नाही," त्या म्हणाल्या. "म्हणतात, खाली नाव काय लिहू? वादक लिहू की हमाल? खोटं मी लिहिणार नाही. दिनकरभाऊ, तुम्ही वाजवून दाखवा त्यांना. सुदाम काय करत होता ते त्यांना ऐकू दे."

मी लगेच हो म्हटलं आणि लगेच पस्तावलो. मी मधेमधे अडखळणारा माणूस. आबांना वाटणार, पोरगा हमाल आणि त्याचा मित्र थापाड्या.

निघताना अक्का जरा संकोचून म्हणाल्या, "अजून एक. आबांचा निरोप आला होता. म्हणे ते राखण करतात त्या केळीच्या मळ्यात कोणीतरी व्हायोलिन वाजवतं. वय झालंय त्यांचं. तुम्ही मनावर घेऊ नका."

मी मनावर घेतलं नाही. फक्त एकदा तपासावं म्हणून पेटी उघडली. दोन महिने पेटीत पडून असलेलं व्हायोलिन, त्यात ही कोरडी थंडी. तारा उतरलेल्याच असणार, असा माझा तीस वर्षांचा अनुभव. मी अंगठ्यानं चारही तारा छेडल्या. सुरात होत्या. नुसत्या सुरात नव्हे, तर केसभर चढ्या, सुदामला आवडायच्या तशा. मी पेटी बंद केली.

जळगाव

जळगावात मी भरीत खाल्लं आणि त्याबद्दल लिहिलं नाही तर पाप लागेल. हिरवी पांढुरकी वांगी काड्यांच्या जाळावर भाजलेली, बडजीत, म्हणजे लाकडी उखळीत, मिरची-लसणाबरोबर कुटलेली, वर तेलाची धार, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. आमच्या घरी भरीत म्हणजे दही आणि चिमूटभर साखर. आईचा आत्मा मला क्षमा करो, पण इतकी वर्षं आम्ही भरीत म्हणून काहीतरी दुसरंच खात होतो.

तिथंच एक केळीचा ट्रकवाला भेटला. माल मुंबईला टाकून रिकामा सावद्याला परतत होता. मी मळ्याच्या मालकाचं नाव सांगितलं तसं त्यानं भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"थ्या मळ्यात पाच वाजल्यावर मजूर थांबत नाई आता," तो म्हणाला. "धूर केला का वाजते."

"काय वाजतं?"

"ते तुमच्या पेटीतलं." त्यानं पेटीकडे बोट केलं नाही, हनुवटीनं दाखवलं. "गानं पुरं वाजलं असतं तं भेव नसतं वाटलं. थोडं वाजते, मंग गप. लय वेळ गप. मंग पुन्हा थोडं. मानूस वाटच पाहात राह्यते."

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी त्याच्या ट्रकमधून सावद्यापर्यंत जाताना मी पेटी मांडीवर न ठेवता पायांशी ठेवली.

सावद्याजवळचा मळा

केळीचा मळा बाहेरून दिसतो तसा आतून नसतो. रस्त्यावरून तो हिरवागार, भरलेला, फोटो काढावासा दिसतो. आत चार ओळी चालून गेलं की दुपारी चारलाच संध्याकाळ होते. वर पानांचं छत, खाली पाटाचं थंड पाणी, आणि दहा पावलांपलीकडे काही दिसत नाही. वारा नसतानाही कुठलं तरी एक पान हलतं. बाकीची सगळी स्तब्ध आणि तेवढं एकच पान नाही-नाही म्हणावं तसं हलत राहतं. मी दोनदा मागं वळून पाहिलं. दोन्ही वेळा मागं केळीच होत्या.

आबा आता त्या मळ्याचे राखणदार होते. मधोमध झोपडी, बाहेर बाज, डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी माझा हात हातात घेतला, बोटं चाचपली. डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांना आमच्या धंद्यात घट्टे पडतात. ते घट्टे त्यांनी एकेक करून दाबून पाहिले.

"सुदामच्या बोटालेबी असेच व्हते," ते म्हणाले. "मले वाटे, वझी उचलू उचलू पडले."

मी पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि डबल बासची हकिगत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. विश्वास बसला की नाही ते कळलं नाही. मग म्हणाले, "धूर कराची येळ झाली."

कडाक्याच्या थंडीत केळीला चटका बसतो, म्हणून दिवस कलला की बांधाबांधाला पालापाचोळा पेटवून धूर करतात. आबा हातानं चाचपत एकेक ढीग पेटवत गेले, मी मागं मागं. ज्वाला नाही, नुसता पांढरा धूर. तो वर जात नव्हता. पानांच्या छताखाली अडकून कमरेएवढ्या उंचीवर पसरत होता आणि त्यात केळीची खोडं तेवढी उभी दिसत होती, रांगेत, शेजारी शेजारी.

बाजेवर येऊन बसल्यावर मीच विचारलं, "आबा, इथं काही ऐकू येतं म्हणतात."

"आमी बौद्ध हाओत. आत्माच मानत नाई तं भूत कुठून मानू?" ते म्हणाले. "पन ऐकू येते ते येते. खोटं काहून बोलू? दोन महिने झाले. थोडं वाजवते, मंग थांबते. मले लय वाईट वाटे. म्हटलं, येवढंच येत व्हतं का माह्या पोराले? येवढ्यासाठी नोकरी सोडली? तुकडे तुकडे?"

"कसं वाजतं? आठवतं का?"

आबांनी गळा साफ केला आणि गुणगुणले. आवाज चिरका झाला होता, पण सूर पक्का. पाच-सहा सूर खाली उतरणारे, शेवटचा ओढून धरलेला. मग थांबले. मग दुसरा तुकडा. मग तिसरा.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. थंडी नव्हे, काटाच. दर हिवाळ्यात आम्ही एक लांबलचक रचना वाजवायचो, सात पानांची. आबा गुणगुणत होते तो पहिला तुकडा पहिल्या पानाच्या तळाचा होता. दुसरा दुसऱ्या पानाच्या. सावद्याच्या मळ्यातल्या या म्हाताऱ्यानं ही रचना कधीच ऐकलेली असणं शक्य नव्हतं. आणि त्यानं ऐकलं होतं ते नेमकं तेवढंच, जे मी एकवीस वर्षं वाजवलं नव्हतं.

सांगून समजावण्याची सोयच नव्हती. मी सुदामचं व्हायोलिन काढलं. हनुवटीखाली धरलं तर ती जागा त्याच्या हनुवटीनं झिजलेली, माझ्या मापाची नाही. तारा आताही सुरात होत्या. मी डोळे मिटून पहिल्या पानापासून सुरुवात केली.

पान संपत आलं. मला ठाऊक होतं हात थांबणार, आणि तो थांबला.

वाजणं थांबलं नाही.

माझ्या उजवीकडून, हातभर अंतरावरून, सूर पुढं गेले. खाली उतरले, शेवटचा ओढून धरला. तो धरलेला असतानाच माझा गज आपोआप उठला आणि मी दुसऱ्या पानाला लागलो, एकवीस वर्षं लागत आलो तसाच, एका श्वासाचीही फट न पडता. मी उजवीकडे पाहिलं नाही. मला धीर झाला नाही, हे कबूल करतो. धुराचा वास होता आणि त्यात राळेचा, म्हणजे गजाला घासायच्या राळेचा वास होता. मी हातातल्या गजाला राळ लावलेली नव्हती.

सात पानं झाली. सहा वेळा मी थांबलो आणि सहा वेळा तो वाजवत राहिला. शेवटचा सूर आम्ही दोघांनी धरला, कारण शेवटच्या पानाखाली उलटायला काही नसतं.

नंतर मळ्यात इतकी शांतता झाली की पाटातलं पाणी ऐकू यायला लागलं. आबांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसत नव्हते.

"दोघं व्हते," ते म्हणाले.

"हो."

"उजवीकडला माहा."

कोण कुठं बसायचं हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. मी पुन्हा "हो" म्हटलं. सुदाम गेल्यापासून मी रडलो नव्हतो. तेव्हा रडलो, पन्नाशीचा माणूस, केळीच्या मळ्यात, बाजेच्या काठावर बसून. आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून बसले.

"तुकडे नव्हते तं मंग," ते स्वतःशीच म्हणाले. "बाकीचं तुमच्याजवळ व्हतं."

सावदा स्टँड

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम थांबलो. सकाळी आबांनी माझ्याकडून पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, "सुदाम, व्हायोलिनवादक". फोटो झोपडीच्या आतल्या भिंतीला लागला. खिळा त्यांनीच ठोकला, अंगठा चेचून घेतला आणि मला ठोकू दिला नाही. संध्याकाळी धूर केला. आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत बाजेवर बसलो. काही वाजलं नाही. मजूरही थांबले होते, बांधावर उभे राहून ऐकत. शेवटी तेही घरी गेले.

व्हायोलिन ठेवून घ्यायला आबांनी नकार दिला. "इथी उंदरं कातरतीन. जिथी वाजते तिथी राहू द्या," म्हणाले. मी खूप आग्रह केला. त्यांनी पेटीची कडी स्वतः लावली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्याबरोबर स्टँडवर आले, मी नको नको म्हणत असताना, काठी टेकत.

जळगावची गाडी लागली. गर्दी होती, पण खिडकीजवळचं दोघांचं बाक मला मिळालं. मी पेटी मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर पुढं आला तेवढ्यात आबा खिडकीखाली येऊन उभे राहिले आणि त्यांनी सळ्यांतून हात आत घातला. मुठीत नोटा होत्या.

"जळगाव. दोन."

"दुसरं कोन हाये, बाबा?" कंडक्टरनं माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"माहा पोरगा."

कंडक्टर माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. त्यानं आणखी एकदा आबांकडे पाहिलं, मग दोन तिकिटं फाडली आणि खिडकीतून त्यांच्या हातात दिली. आबांनी ती बोटांनी चाचपून पाहिली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"तो मुंबईले निंगला तवा मी आलो नव्हतो," ते म्हणाले. "रागानं मळ्यातच बसून राह्यलो. मायनं उसने पैसे घेऊन तिकीट काढलं त्याचं. आत्मा-गित्मा मी मानत नाई, दिनकरभाऊ. पन माह्या हातचं तिकीट राह्यलं व्हतं."

गाडी हलली. आबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते, तोंड माझ्या खिडकीकडे नव्हे, शेजारच्या जागेकडे.

भुसावळला गाडी खच्चून भरली. तीन जणांनी त्या जागेबद्दल विचारलं. मी तिकीट दाखवलं, तेव्हा एकानं मला सरळ वेडा म्हटलं आणि दुसऱ्यानं बाकावर गाठोडं ठेवायचा प्रयत्न केला. मी जन्मात कोणाशी भांडलो नाही, तिथं भांडलो. नशिराबादला एक म्हातारी चढली, डोक्यावर भाजीची पाटी, धापा टाकत. सरळ माझ्या बाकापाशी आली. मी कानकोंडा झालो, उठून तिला माझी जागा द्यायला लागलो. तिनं हातानं मला बसवलं.

"इथी कोनी हाये का?" तिनं शेजारच्या जागेकडे पाहून विचारलं.

"आहे," मी म्हणालो.

तिनं पदर सावरला, जरा बाजूला सरली, बसलेल्याच्या पायांना अडचण नको म्हणून सरकावं तशी, आणि पाटी खाली टेकवून खालीच बसली.

"बसू द्या मंग त्याले," ती म्हणाली. "दमला दिसते."